वज्रनाभ आणि माणिक पातूरकर

अकोला,
११ नोव्हेंबर २०२४

आयु. ज्योत्स्नाताई यांस,
सप्रेम जयभीम.

मायना जरा कडक झाला, सांभाळून घे. सख्ख्या बहिणीले पत्र लिहाची सवय नाही. फोन लावला की तू "हं, बरं, ठेवते" म्हणते आणि खरंच ठेवते. म्हणून ही चिठ्ठी. तसाही एक कागद पाठवाचाच होता.

नागपूरच्या हर्षाबाई म्हणून एक प्रकाशक आहेत. त्याईले बाबांची सगळी पुस्तकं एका संचात काढाची आहेत, बाबांच्या खऱ्या नावानं, नत्थुजी तायडे. 'वज्रनाभ' नावानं लिहिलेली अकरा आणि 'माणिक पातूरकर' नावाची चार. हे दुसरं नाव तुले माहीत नसन बहुतेक. वारस आपण दोघं, म्हणून सह्या दोघांच्या लागतेत. पेन्सिलनं फुली मारली आहे तिथं कर.

दुसरं काम प्रस्तावनेचं. हर्षाबाई म्हणतेत, ज्या माणसानं तलवारी आणि राक्षस लिहिले त्यानंच ती भिंतीजवळच्या म्हाताऱ्याची गुमसुम पुस्तकं लिहिली, हे वाचकाले पटलं पाहिजे. कोणीतरी दोन्ही नावं शेजारी ठेवून लिहावं. तू सत्तावीस वर्षं झाली मराठी शिकवून रायली. माह्यं काय, कोर्टासमोर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. माणिक पातूरकर मीच टाईप केला, पण टाईप करणारा वाचत नाही, त्याची नुसती बोटं वाचतेत. जादूची पुस्तकं तर मले अजिबात कळत नाहीत.

चारही पुस्तकं पार्सलात आहेत. बाबा जाऊन पाच वर्षं झाली. तू आली होती, संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. तेव्हा बोलणं राहिलं.

तुझा भाऊ,
धम्मदीप


अमरावती,
२४ नोव्हेंबर २०२४

धम्मदीप,
जयभीम.

पार्सल मिळालं. कागदही मिळाला. सही केलेली नाही.

माणिक पातूरकर म्हणजे आपले बाबा, हे मला पन्नासाव्या वर्षी कळतंय. माणिक हे आईचं नाव, पातूर तिचं माहेर. यातलं एक पुस्तक मी एकदा स्टॉलवर पाहिलं होतं. पातूरची कोणी बाई लिहीत असेल, म्हटलं, आणि पुढे गेले. त्या घरात मला काही सांगायचं नाही, हा नियम तुम्ही दोघांनी चांगला पाळलात.

वज्रनाभ मला पाठ आहे. सात वेशींचं गाव, आणि त्या वेशी राखणारा वेसकर. राजा त्याच्यापुढे हात जोडतो, कारण वेस उघडायचा मंत्र फक्त त्याला येतो. आपला पणजोबा गावचा वेसकर होता. लोकांनी त्याला वेशीबाहेर ठेवलं, बाबांनी त्याला जादूगार केलं. आणि स्वतः बाबा काय होते? बसस्टँडवरचे कंट्रोलर. कोणती गाडी आली, कोणती सुटली, ते भोंग्यावर सांगणारे. त्या पुस्तकांत वेसकराची मुलगी होती नीला. तिला कांद्याची भजी आवडायची आणि तिचा पुढचा दात तुटलेला होता. नीला कोण होती, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

अकरावं पुस्तक 'बंद वेस'. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी आलं. नीला जंगलात जाते, दिवस मावळायच्या आत येते म्हणते, येत नाही. वेसकर ती सातवी वेस विटांनी बुजवतो. "ही वेस आता भिंत झाली." मी ते धारणीच्या स्टँडवर उभ्याउभ्या वाचलं आणि पुढे बाबांचं एक अक्षर वाचलं नाही.

तुला माहीतच आहे सगळं. तू तेव्हा सतरा वर्षांचा होतास. आई दवाखान्यात होती, मी धारणीच्या पलीकडे त्या आश्रमशाळेत नवी नोकरी धरलेली. तू फोन करून हेडमास्तरांजवळ निरोप ठेवलास आणि त्या माणसानं तो मला दिलाच नाही. धारणीच्या स्टँडवर एका कंडक्टरकडून कळलं, आणि मी पोचले ती चौथ्या दिवशी. बाबा माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "गाडी लागून गेली." निरोप मिळाला नाही, असं मी पायाशी बसून सांगितलं. त्यांना ते निमित्त वाटलं. त्यानंतर एकवीस वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत.

अशा माणसाची प्रस्तावना मी कशी लिहू? पुस्तकं उघडली आहेत, एवढं मात्र खरं. पार्सलाचा दोरा कापल्यावर उघडी पुस्तकं तशीच ठेवणं मला जमत नाही.

ज्योत्स्ना


अकोला,
२ डिसेंबर २०२४

ताई,
जयभीम.

सही नाही तर नाही. पण चार शिव्या तरी घालाच्या होत्या. तुझी चिठ्ठी म्हणजे शाळेनं टीसी नाकारल्यासारखी वाटली.

तू विचारलं नाही तरी सांगतो, नाव काहून बदललं ते. मी एकदा विचारलं होतं, बाबा, पुस्तकावर आपलं नाव काहून नाही टाकत? तर म्हणे, "तायडे वाचलं की लोक पुस्तकात आपलं दुःख शोधतेत. नाही सापडलं तर मलेच विचारतेत, कुठं लपवून ठेवलं म्हणून. मले राक्षस लिहाचे होते बापू." कार्यक्रमाले बोलवत तेव्हाही लोक म्हणत, नत्थुजी, आत्मकथन लिहा. बाबा म्हणत, लिहून रायलो ना. आणि घरी येऊन राक्षसाले अजून दोन शिंगं लावत. पण दुसरं नाव काहून घेतलं, ते नाही सांगितलं. तुले समजलं तर मलेही सांग.

निरोपाचं आता जुनं झालं. आई गेली, बाबा गेले, तो हेडमास्तरही गेला म्हणतेत. उकरून काय करतं?

इकडं घरात मी एकटाच. दिवसभर लोकांचे शपथपत्र टाईप करतो, संध्याकाळी येऊन कुलूप उघडतो. कधी कधी मीच विचारतो, कोण आलं? मीच म्हणतो, मी. हसू नको. हसली तर मोठ्यानं हस, इथवर आलं पाहिजे.

वाच तू. सहीचं मंग पाहू.

दीपू


अमरावती,
२१ डिसेंबर २०२४

प्रिय दीपू,
जयभीम.

पहिली तीन वाचली. चौथं उशीजवळ आहे, ते संपलं की बाबांचं नवीन काही उरणार नाही, म्हणून पुरवून ठेवलंय.

मी वही घेऊन बसले होते, डाव्या पानावर वज्रनाभ, उजव्या पानावर माणिक पातूरकर. पहिले आठ दिवस वाटलं, ही दोन माणसंच आहेत. वज्रनाभचं वाक्य धापा टाकत पळतं. दर सात पानांना कोणाचं तरी मुंडकं पडतं. माणिक पातूरकर मात्र ओट्यावर बसून बोलल्यासारखा लिहितो. तीन पुस्तकांत एक डाससुद्धा मरत नाही. एक म्हातारा रोज भिंतीतली एक वीट काढतो, काढताना त्या विटेला एक गोष्ट सांगतो. वज्रनाभच्या वाचकानं हे पुस्तक फेकूनच दिलं असतं.

मग मला घड्याळ दिसलं आणि मी एकटीच खदखदून हसले. तिथवर आलं का? वज्रनाभच्या पहिल्याच पुस्तकात राक्षस "एकवीस पंधराला" वेशीवर येतो आणि "दहा मिनिटं विलंबानं" गर्जना करतो. मी सातवीत असताना बाबांना चिडवलं होतं, राक्षसाला काय टाईमटेबल असतं? तर म्हणाले, राक्षस झाला म्हणून त्यानं वेळ पाळू नये काय? माणिक पातूरकरमध्येही तसंच आहे. सूर्य, पाऊस, भुतं, सगळे चोवीस तासांच्या घड्याळावर. हे लिहिणारा एसटीचा कंट्रोलरच पाहिजे, दुसऱ्या कोणाला हे सुचणार नाही. प्रस्तावनेला एवढा एक पुरावा बास आहे.

पण फरकही त्यातच आहे. वज्रनाभची घड्याळं चोवीस तास फिरतात. माणिक पातूरकरची शेवटी एकाच वेळेपाशी येऊन थांबतात. म्हातारा वीट काढतो ती रोज सतरा चाळीसला. आजारी असला तरी, धो धो पाऊस असला तरी. ही भिंत कोणती, ते मला दुसऱ्या पुस्तकात कळलं. विटांवर सात नंबर कोरलेला आहे. ती सातवी वेस आहे, दीपू. नीलासाठी बुजवलेली.

तू विचारलंस दुसरं नाव का घेतलं. मला वाटतं ते असं. वज्रनाभनं वेस बुजवली होती, आणि वज्रनाभचा शब्द फिरत नसतो. एवढा ताठा त्या माणसाला स्वतःलाच मोडता आला नाही. म्हणून आईचं नाव घेऊन बसले उघडायला. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी एकच वीट उरते. म्हातारा तिच्यावर हात ठेवून बसतो. काढत नाही. पुस्तक संपतं.

मी त्या पानावर रडले, हे तुला सांगायला हरकत नाही. मला नऊ वर्षांची असल्यासारखं वाटलं. आणि रागही आला. एवढ्या विटा काढल्या, एक फोन नाही करता आला?

सतरा चाळीसला काय होतं, मला वाटतं मला माहीत आहे. तरी तू सांग.

ताई


अकोला,
३० डिसेंबर २०२४

ताई,

धारणी-अकोला, अकोटमार्गे. लागाचा टाईम सतरा चाळीस.

आई गेली तेव्हा दोन दिवस बाबा त्या गाडीले उभे होते. मंग ड्युटीवर असले की तर दिसतच होती. रिटायर झाल्यावरही रोज जात. बंडी घालून, पायात स्लीपर, स्टँडच्या खांबाले टेकून. शेवटचा माणूस उतरला की "आज नाही" म्हणत आणि घरी येऊन लिहाले बसत. पुढं त्या गाडीचं टायमिंग बदललं, बाबांचं नाही बदललं. शेवटच्या वर्षी चालणं होत नव्हतं तर मी स्कूटरवर नेत होतो. लोक मले विचारत, कोणी गाडीनं याचं आहे काय? मी म्हणत होतो, हो.

एकदा मी म्हटलं, बाबा, फोन लावून देऊ काय ताईले? म्हणे, "कंट्रोलर गाडी बोलवत नसते बापू. आली का सांगते." असा माणूस. आता हसावं का रडावं.

मले त्या खांबापाशी लय एकटं वाटे. बाबा गाडीकडं पाहत, मी बाबाकडं पाहत होतो. माह्याकडं पाहाले कोणी नव्हतं. तुह्यावर रागही येत होता. आता नाही येत.

चौथ्या पुस्तकाची घाई करू नको. प्रस्तावनेले पहिली तीन पुष्कळ झाली. आवडलं नाही तर तसंच ठेव.

दीपू


अमरावती,
९ जानेवारी २०२५

दीपू,

चौथं वाचलं. दोनदा वाचलं. तुझं ते "घाई करू नको" वाचल्यावरच उघडलं.

'शेवटची वीट'. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी छापलेलं. मागे लिहिलंय, लेखकाच्या कागदांत सापडलेलं हस्तलिखित. चौऱ्याऐंशीव्या पानावर म्हातारा शेवटची वीट काढतो, "संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास". सुमारास, दीपू. हा शब्द मी बाबांच्या तोंडी जन्मात ऐकला नाही. ते सुमारास म्हणाले असते तर अकोल्याच्या स्टँडवर गाड्यांवर गाड्या चढल्या असत्या. मग मी मागे जाऊन सगळं पुस्तक चाळलं. "सकाळी", "दुपारच्याला", "जरा वेळानं". एकही धड वेळ नाही. चौदा पुस्तकांत जे एकदा चुकलं नाही ते पंधराव्यात सगळीकडे.

हे पुस्तक बाबांचं नाही. टाईप करणाऱ्याचं आहे.

एवढ्यावर मी चिडले नसते. पण वीट निघते आणि पलीकडे नीला उभी असते, केस पिकलेली. म्हातारा तिला म्हणतो, "तुले निरोप पोचलाच नव्हता. ज्याच्या हाती दिला, तो वाटेत खेळ पाहत बसला."

बाबा मरेपर्यंत धरून होते की निरोप मला मिळाला. मी सांगितलेलं त्यांना खोटं वाटलं. मग हे कोणाला माहीत होतं? आणि खेळाचं तर मलासुद्धा माहीत नव्हतं.

मी हे फोनवर ऐकणार नाही. लिहून पाठव.

ज्योत्स्ना


अकोला,
१६ फेब्रुवारी २०२५

ताई,

सव्वा महिना लागला. रोज कागद लावला मशीनले आणि रोज काढला. लोकांचे शपथपत्र पाच मिनिटांत करतो. "मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की." माह्या स्वतःच्याले जमेना. शेवटी हातानं लिहून रायलो.

बाबांनी मले सांगतलं होतं, धारणीच्या शाळेत फोन लाव, ताईले म्हण आजच निघ. मी एसटीडीवर गेलो. लाईन लागेना. बूथवाला म्हणे थांब, लागन. बाजूच्या पानठेल्यावर टीव्ही होता, म्याच सुरू होती. मी म्हटलं एक ओव्हर पाहू. मंग एक ओव्हर. लाईनीले पुन्हा हात लावलाच नाही. आईले काही होईन असं मले वाटलंच नव्हतं, ताई. वाटलं, उद्या लावू. घरी येऊन सांगतलं, झालं, हेडमास्तरजवळ निरोप दिला, येते म्हणे.

आई दुसऱ्या दिवशी सकाळीच गेली. त्याच्यानंतर खरं सांगाची वेळच राहिली नाही. तू चौथ्या दिवशी आली, बाबांच्या पायाशी बसून म्हणाली निरोप आला नाही. बाबांनी माह्याकडं पायलं. मी म्हटलं, दिला होता. तेवढं एक वाक्य. सत्तावीस वर्षं ते माह्या नरड्यात अडकून आहे.

सांगाची हिंमत दोनदा केली. एकदा स्टँडवर. बाबा म्हणे, गाडी लागून रायली, मंग बोल. एकदा शेवटच्या आजारात, तेव्हा त्याईले माणसं ओळखू येत नव्हती. तिसऱ्या पुस्तकातली ती शेवटची वीट टाईप करताना मात्र बोटं थांबली होती. पहिल्यांदा वाचलं मी. बाबा ती वीट काहून काढत नाहीत, ते फक्त मले माहीत होतं. ती वीट मी लावली होती.

बाबा गेल्यावर घरात मन लागेना. मशीनपाशी बसलो आणि त्याईचं नाव घेऊन ती वीट काढली. हस्तलिखित सापडलं असं सांगतलं, तेही खोटंच. वाटलं, बाबा काढून नाही गेले, निदान पुस्तकात तरी निघावी. आणि कधी ना कधी तू वाचशीन. तू घड्याळ पाहून ओळखशीन हे नव्हतं वाटलं. तीन पुस्तकं टाईप केली, एवढं माह्या ध्यानात आलं नाही.

संच काढू नको म्हटलं तर नाही काढत. हर्षाबाईले मी सांगतो खरं काय ते. तुले काय वाटन ते कर. माफ कर असं लिहिलं नाही, कारण तेवढं माह्यं तोंड नाही.

धम्मदीप


अमरावती,
३ मार्च २०२५

दीपू,

पहिल्यांदा हे वाच. मी तुले माफ केलं, असं समजू नको. तुही चिठ्ठी वाचून तीन दिवस मले भाकर गोड लागली नाही. मी त्या हेडमास्तरांशी अकरा महिने बोलले नव्हते, एका शाळेत राहून. त्याईच्या मुलीच्या लग्नात गेले नाही. त्या माणसानं काही केलंच नव्हतं. ते आता कुठं जाऊन सांगू? बाबांचे एकवीस वर्षं गेले, माहे गेले. एका म्याचपायी. कोण जिंकलं, ते तरी आठवते काय तुले?

एवढं लिहून मी पेन ठेवलं होतं. मंग तो खांब डोळ्यापुढं आला. बाबा गाडीकडं पाहून रायले, तू बाबाकडं. मी इकडं. तिघंही एकाच गाडीची वाट पाहून रायलो होतो आणि कोणीच कोणाले सांगत नव्हतं. शिकली सवरली मी, मीही एकदा येऊन उभी राहिली नाही. मलेही ताठाच होता. बापाचीच पोरगी.

आता कामाचं. सही करते, पण माह्या अटीवर. चौदा पुस्तकं बाबांच्या नावानं निघतीन. वज्रनाभ आणि माणिक पातूरकर ही नावं खाली बारीक अक्षरात राहू दे, त्याईनंही कष्ट केले. पंधरावं पुस्तक त्या संचात नाही. ते वेगळं निघन आणि त्यावर धम्मदीप तायडे लिहिलं राहीन. टोपणनाव घ्याचं नाही. आपल्या घरात टोपणनावामागं पुरेसे लोक लपले.

पुस्तक चांगलं आहे. शुद्धलेखनाच्या तेवीस चुका आहेत, लाल पेनानं दाखवल्या, तरी चांगलं आहे. बाबांले शेवटचं पान जमलं नसतं, ते खरं बोलाले लाजत. "सुमारास" तेवढं काढू नको. ते तुह्यं आहे.

प्रस्तावना लिहून झाली. ती आणि सही केलेला कागद पोस्टात टाकत नाही. या घरानं निरोप लय दुसऱ्याच्या हाती दिले.

पुढच्या शनिवारी, पंधरा तारखेले, अमरावतीहून पंधरा दहाची अकोला गाडी धरते, मूर्तिजापूरमार्गे. चौकशीवर विचारून आली मी. लागाचा टाईम सतरा चाळीस आहे. त्या खांबापाशी उभा राहा. शेवटचा माणूस उतरेपर्यंत जाऊ नको. गुडघे दुखतेत माहे, मी शेवटीच उतरते.

तुही ताई